खाल्ल्या कोंबडीचा आहेर

बू रुमीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर ओळीने खिळे ठोकलेले होते आणि त्या खिळ्यांना सगळा संसार लटकत होता. प्रत्येक खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी. तांदळाची, विजेची, वेनिंग आणि दानांगच्या शाळेची, आहेराची. आणि सगळ्यात उंचावर, जिथे नवऱ्याचा हात पोचतो पण हिंमत पोचत नाही, तिथे पतपेढीच्या हप्त्याची पिशवी. जावातल्या क्लातेनच्या त्या गल्लीत रुमी नावाच्या तिघी होत्या, पण ‘खिळेवाली’ म्हटलं की पत्र नेमक्या घरी पोचायचं.

शनिवारी पार्जोनो गवंडीकामाची मजुरी घेऊन आला की चपला काढायच्या आधी बायकोचा हात पुढे यायचा.

“सगळे आहेत?”

“मोजून घे, बुने.”

“मोजले. थोडे कमी आहेत.”

“सिगारेटचं एकच पाकीट घेतलं गं.”

“पाकीट संपलं असतं तर खिसा असा फुगला नसता. द्या इकडे. रोज दोन मिळतील. जेवल्यावर एक, आणि माझ्यावर रागावलात की एक.”

“म्हणजे मला रोज रागवावं लागणार.”

“रागवा की, पाकने. पण एकदाच.”

मुलं झाल्यापासून ती त्याला ‘पाकने’ म्हणायची, म्हणजे पोरांचा बाप. आणि तो तिला ‘बुने’, म्हणजे पोरांची आई. गल्लीत कुणालाही मानाने हाक मारायची तीही ‘पाक’ नि ‘बू’, बाप आणि आई, अशीच. खरी नावं आता फक्त पतपेढीच्या कागदांवर उरली होती, आणि तिथून ती लवकर सुटावीत म्हणून तर हा सगळा खटाटोप चालला होता.

खटाटोप म्हणजे काय, ते पोरांना ताटात दिसायचं. सोमवारी तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, मंगळवारी उकडलेलं तेंपे, बुधवारी तेंपेचं कालवण. गुरुवारी रुमी मोठ्या ऐटीत म्हणायची, “आज वेगळं आहे हं.”

वेनिंग चौदा वर्षांची, तिला फसवणं सोपं नव्हतं. “बू, हे तेंपेच आहे. फक्त त्रिकोणी कापलंय.”

“मग? काल त्रिकोणी होतं?”

“लागतं तसंच.”

“ते तू डोळे मिटून खातेस म्हणून.”

रुमी पहाटे उठून शेंगदाणे घातलेल्या तांदळाच्या पातळ, कुरकुरीत पेयेक तळायची आणि बाजारात विकायची. मोडक्या पेयेक घरी. गेल्या दोन वर्षांत त्या घरातल्या कुणी अख्खी पेयेक चाखली नव्हती. दानांग तर गोलाकार पेयेक पाहिली की म्हणायचा, “ही विकायची, ना?”

आणि गंमत म्हणजे कर्ज झालं होतं ते ह्याच दानांगपायी. त्याची सुंता. खरं तर डॉक्टरकडे जाऊन सकाळचा वेळ आणि थोडे पैसे, एवढ्यात होणारी गोष्ट. पण पार्जोनोचा छाती पुढे काढायचा दिवस होता तो. मांडव, रंगीत दिवे, ढोलकीच्या ठेक्यावर दांगदुत गाणारी बाई, तिच्या मागे पाच वाजवणारे. रुमीने विचारलं होतं, पैसे कुठून? तर तो म्हणाला होता, “अगं, इतकी वर्षं आपण लोकांच्या आहेराच्या पेटीत पाकिटं घातली. ती आता परत येणार. खर्च निघून वर उरेल, तू बघ.”

गावातल्या जुन्या जाणत्याने वार आणि पाच दिवसांच्या बाजारचक्रातला दिवस जुळवून उत्तम मुहूर्त काढून दिला. तोच उत्तम मुहूर्त त्याने सरपंचाच्या मुलीच्या लग्नालाही काढून दिला होता. लोकांनी पाकिटं सरपंचाकडे दिली आणि रात्री गाणं ऐकायला पोटं घेऊन इकडे आले. सकाळी पेटी उघडली तर खर्चाचा तिसरा हिस्साही निघाला नाही. पतपेढीचं कर्ज झालं ते एक कोटी रुपिया. गल्लीत कोट्यधीश कुणी नव्हता, पण कोटीचे कर्जदार बरेच होते, त्यात आणखी एकाची भर. मोटरसायकलची कागदपत्रं पतपेढीच्या कपाटात जाऊन बसली.

“कापलं एवढंसं आणि खर्च कोटीचा,” शेजारची यू जुम म्हणाली होती. ती रुमीहून मोठी, म्हणून ‘यू’, म्हणजे ताई. आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. “एवढ्यात अख्खा पोरगा नवा आला असता गं.”

हसू येण्यासारखंच होतं सगळं. पण त्या हसण्यात एक काटा होता. त्याचं नाव मुकादम सुराजी. तो दरवर्षी समुद्रापलीकडच्या कालिमांतानच्या पाम तेलाच्या मळ्यावर नेण्यासाठी माणसं गोळा करायला यायचा. करार दोन वर्षांचा, मध्ये घरी येणं नाही. पण सही केली की आगाऊ रक्कम हातात. मागच्या खेपेला तो पार्जोनोच्या ओट्यावर बसून म्हणाला होता, “एका दिवसात कर्ज साफ. बायकोला सांग, खिळे उपटून टाक.”

पार्जोनोने अर्धी मान डोलावली होती. तेव्हा रुमी आतून बाहेर आली. “कर्ज मी फेडते. पुढचा बेसार महिना संपायच्या आत. नाही फिटलं तर खुशाल न्या.”

“पण का, बुने? एवढी सोय होतेय—”

“छप्पर कोण शाकारणार? आणि साप निघाला तर?”

त्या घरात साप निघालेला कुणी कधी पाहिला नव्हता. पण रुमी तो साप अधूनमधून बाहेर काढायची. दुसरं कारण तिने कधी सांगितलं नाही, आणि सांगायला लावलं असतं तर तिने लाटणं फेकून मारलं असतं.

तर असा तो पुढचा बेसार महिना आला. शेवटचा एक हप्ता उरला होता. त्याचे पाच लाख वरच्या खिळ्यावर जमून बसले होते. आता फक्त महिना सुखरूप काढायचा. पण बेसार म्हणजे लग्नांचा महिना, आणि लग्न म्हणजे आहेर. दानांगच्या वेळी ज्यांनी ज्यांनी पाकीट दिलं होतं, त्यांच्या एकेकाच्या घरात आता कुणी ना कुणी बोहल्यावर चढत होतं. आहेराची पिशवी पहिल्याच आठवड्यात चपटी झाली.

रुमीने मग हिशेबाची अशी काही मांडणी केली की पतपेढीच्या साहेबाने तोंडात बोट घालावं. लग्नघरी गल्लीतल्या बायका आधीपासून राबायला जातात; कांदा चिरायचा, नारळ खवायचा, मोठमोठ्या कढया ढवळायच्या. राबणाऱ्या बायका तिथेच जेवतात आणि निघताना पोराबाळांसाठी केळीच्या पानात बांधून नेतात. रीतच ती. इतर बायका दोन घरी जायच्या, तिसऱ्या घरी कंबर दुखायची. रुमीची कंबर काही दुखेना. ती सगळ्या घरी गेली. ह्या घरचा मांडव उतरायच्या आत त्या घरच्या चुलीपुढे हजर. तांदळाची पिशवी खिळ्यावरून खाली उतरेना, आणि जे वाचेल ते आहेरात.

“रुमी,” यू जुम नारळ खवता खवता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “दोन आठवडे झाले, तुझ्या घरातून धूर दिसला नाही. चूल माहेरी गेली का गं?”

“बाळंतपणाला गेलीय, यू. सव्वा महिन्याने येईल.”

बायका हसून हसून नारळासकट कलंडल्या. यू जुमने हार मानली नाही. “आणि नवरा? त्याला काय पान बांधून नेतेस?”

“त्याला वास नेते. तेवढ्यावर भागतं त्याचं.”

आणि नेमकं तेच भागत नव्हतं.

बेसारमध्ये लोक लग्नं करतात, घरं बांधत नाहीत. त्यामुळे गवंडी घरी. त्या बुधवारी पार्जोनो ओट्यावर बसून त्याच्या कोंबड्याला, गातोतला, कुरवाळत होता. रुमी लग्नघरी, पोरं शाळेत. तेवढ्यात दोन तरुण पोरं मोटरसायकलवरून आली. मागच्याच्या मांडीवर बांबूची मोठी टोपली.

“पाक, शेजारचे पाक हाजी मुर्शिद कुठे गेले? दाराला कुलूप आहे.”

“सेमारांगला, लेकीकडे. आठवडा झाला.”

“भातगिरणीवाल्या पाक विर्योंकडून आलोय. रविवारी मुलीचं लग्न. पाक हाजींचं तोंजोकान आहे.” पोराने घड्याळ पाहिलं. “तुम्ही देता का त्यांना?”

“द्या की. ठेवून जा.”

आता, तोंजोकान म्हणजे काय ते क्लातेनमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. मानाच्या माणसाला नुसती पत्रिका पाठवत नाहीत, जेवण पाठवतात. शब्दाचा अर्थ ठोसा, आणि बसतोही तसाच. टोपली उंबऱ्याच्या आत गेली की आहेर ठरला. टोपलीत अंडं असेल तर साधा, कोंबडीचा तुकडा असेल तर जड, आणि अख्खी कोंबडी असेल तर माणूस थोडा वेळ भिंतीला टेकून बसतो.

पार्जोनोने टोपली ओट्यावर ठेवली. मग मुंग्या येतील म्हणून आत नेली. मग मांजर येईल म्हणून झाकण नीट बसलंय का ते पाहिलं, आणि ते नीट आहे हे पाहण्यासाठी उघडलं. आत अख्खी कोंबडी. नारळाच्या दुधात शिजून पिवळीजर्द, मान मुडपून नमाजाला बसल्यासारखी. बाजूला शेवया, कलेजी घातलेला तिखट बटाटा, गुळाच्या चिकट भाताच्या वड्या.

पार्जोनो भला माणूस. त्याने विचार केला. हाजी तर आज यायचे नाहीत. उन्हाळा काय मी म्हणतोय. नारळाचं दूध संध्याकाळपर्यंत विटणार. अन्न वाया घालवणं पाप. आणि एवढा हज करून आलेला माणूस, त्याच्या माथी पाप कशाला? इतका विचार झाल्यावर एक तंगडी तुटली. एक तंगडी तुटलेली कोंबडी देणं बरं दिसत नाही, म्हणून दुसरी. तेवढ्यात पोरं शाळेतून आली आणि प्रश्न सुटला.

रुमी उन्हं कलताना परतली, हातात केळीच्या पानाची पुडी. दारातच थबकली. घरात वास होता. तिघांचे ओठ चकचकत होते. कोपऱ्यात हाडांचा ढीग, आणि त्या ढिगावर बसलेली एक पत्रिका.

तिने पत्रिका उचलली. वाचली. उलटून पुन्हा वाचली.

“पाकने, ही कोंबडी कुणाची?”

“तसं विचारलंस तर... हाजींची.”

“अख्खी होती?”

दानांग म्हणाला, “मान पण होती.”

“अहो, विर्योंची अख्खी कोंबडी!” रुमी खाली बसली. “सरपंचांना गेली असेल, डॉक्टरांना गेली असेल. आणि एक आपण खाल्ली. रविवारी ते पेटीपाशी बसून पाकिटं बघणार, हाजींचं पाकीट नाही. माणूस पाठवणार. हाजी म्हणणार मला मिळालंच नाही. पोरं म्हणणार गवंड्याकडे दिलं. मग? खाल्लं त्याने द्यावं. पाच लाखांच्या खाली अब्रू नाही त्या कोंबडीची!”

वरच्या खिळ्याकडे चौघांनीही एकदम पाहिलं.

पार्जोनोने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला. “मी खाल्ली. मीच फेडतो,” तो म्हणाला. “तो हप्ता आहेरात घाल. मी सुराजीला निरोप पाठवतो. आगाऊ घेतो, पतपेढी मिटवतो. दोन वर्षं म्हणजे काय, निघून जातील.”

रुमी ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने टोपली उचलून मोरीवर नेली आणि घासघासून धुतली. रात्री त्याने वाट्याची दुसरी सिगारेट मागितली नाही.

गुरुवारी सकाळी रुमी हाजींच्या परसदारी गेली, धुतलेली टोपली वाळत ठेवावी तर उन्हाची जागा त्यांच्याच कुंपणाशी म्हणून. दाराला बाहेरून कुलूप, पण खिडकीच्या फटीतून लवंगेच्या सिगारेटचा धूर येत होता. आणि आत कुणीतरी खाकरलं. हे खाकरणं गल्लीला रोज पहाटे ऐकू यायचं.

तिने खिडकीवर टकटक केली. “पाक हाजी?”

धूर थांबला.

“पाक हाजी, मी रुमी.”

“मी घरी नाही,” आतून आवाज आला. मग आवाजाच्या लक्षात आलं. “...हळू बोल.”

“तुम्ही तर सेमारांगला होतात!”

“आहेच. अजून आहे. बेसार संपला की येणार.” खिडकी बोटभर उघडली. आत दाढी आणि एक डोळा. “अगं, मागच्या वर्षी ह्या महिन्यात किती टोपल्या आल्या माहीत आहे? वासरू विकलं मी. ह्या वर्षी बायकोने बाहेरून कुलूप लावलं, ती मागच्या भिंतीवरून आत येते. साठीची बाई, शिडीवरून!”

रुमीने मग झालं ते सगळं सांगितलं. हाजींचा डोळा आधी बारीक झाला, मग चमकला, मग चक्क आनंदला.

“म्हणजे विर्योचं आमंत्रण माझ्या घरात आलंच नाही?”

“तुमच्याच नावाचं होतं, पाक हाजी.”

“नाव कागदावर असतं. कोंबडी पोटात असते. ज्याच्या पोटात गेली, त्याचं आमंत्रण.”

“तुम्ही त्यांचे जुने स्नेही. तुमच्या मुलाच्या लग्नात त्यांनी दहा पोती तांदूळ दिला होता. आमची ऐपत—”

“बू रुमी,” हाजी हळवे होऊन म्हणाले, “मला फार वाईट वाटतंय. मी सेमारांगहून तुमच्यासाठी दुवा करतो.” आणि खिडकी लागली.

रुमी घरी आली. अंगणात गातोत छाती काढून फिरत होता. ती त्याच्याकडे पाहत उभी राहिली. ओट्यावरून पार्जोनोने तिला पाहिलं, आणि तिचं पाहणं त्याला कळलं.

“नाही, बुने.”

“टोपली आहे. पत्रिका आहे. फक्त कोंबडी नाही.”

“मी गेल्यावर तो तुमची राखण करेल असं ठरवलं होतं मी.”

“कशापासून? सापापासून?” तिचा आवाज चिरकला. मग खाली आला. “उद्या शुक्रवार आहे. हाजी कुठेही लपू देत, दुपारच्या नमाजाला मशिदीत यावंच लागणार. चार माणसांत दिलेली टोपली त्यांना नाकारता येणार नाही. तुम्हीच ठरवा, पाकने. कोंबडा घरात हवा की तुम्ही?”

इतकं उघड ती आजवर बोलली नव्हती. आपण काय बोलून बसलो ते कळून ती तडक आत गेली आणि उगाच खवणी शोधू लागली. पार्जोनो बराच वेळ गातोतला कुरवाळत बसला. मग त्यालाच म्हणाला, “ऐकलंस ना?”

शुक्रवारी रुमीने पहाटे पेयेक तळल्या नाहीत. गातोत म्हातारा आणि चिवट, दोन चुलाणी लाकूड खाऊन मग मऊ झाला. वेनिंगने शेवया केल्या. तिखट बटाट्यात कलेजी एवढीशीच, पण वर मांडली. टोपली अशी दिसत होती की विर्योंच्या आचाऱ्यालाही फरक ओळखता आला नसता.

नमाज सुटला. मशिदीच्या दारात पुरुष आपापल्या चपला पायांनी चाचपत होते. सगळ्यात शेवटच्या ओळीतून, डोक्यावरची टोपी कपाळावर ओढून, हाजी मुर्शिद भिंतीच्या कडेकडेने निघाले. रुमी टोपली घेऊन आडवी आली.

“पाक हाजी, सेमारांगहून कधी आलात? पाक विर्योंकडचं तोंजोकान तुमच्यासाठी सांभाळून ठेवलंय.”

हाजींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आणि बरोबर मागे खुद्द पाक विर्यो उभे. पोट मोठं, आवाज गिरणीचा.

“अरे, हाजी! तुम्ही गावात नाही असं ऐकलं होतं. मिळालं ना आमचं?” त्यांनी टोपलीला हात लावला. हात झटकन मागे घेतला. “बुधवारी पाठवलेलं. शुक्रवारी गरम?”

चपला चाचपणारे पाय थांबले. तापवून आणलंय, असं म्हणायचं रुमीने ठरवून ठेवलं होतं. तिने तोंड उघडलं.

“मी खाल्लं,” पार्जोनो म्हणाला.

तो मशिदीच्या पायरीवर उभा होता, एका पायात चप्पल. “तुमची कोंबडी मी खाल्ली, पाक विर्यो. पोरांनीही, पण पहिली तंगडी माझी. हा माझा कोंबडा आहे. गातोत. हाजींचं आमंत्रण हाजींना मिळायला हवं, म्हणून.”

रुमीने डोळे मिटले. ती मनातल्या मनात त्याला जे म्हणाली ते मशिदीच्या दारात म्हणण्यासारखं नव्हतं.

विर्योंचं पोट हलायला लागलं. आधी पोट, मग खांदे, मग गिरणी सुरू झाली. “गातोत! नाव ठेवलेला कोंबडा! हाजी, तुमच्यासाठी माणसाने मुलगा कापला हो!” सगळी मशीद हसू लागली. कुणीतरी मागून विचारलं, “पण पाक हाजी, तुम्ही तर सेमारांगला ना?” हसण्याची दुसरी लाट उठली. हाजींनी मुकाट्याने टोपली घेतली. घेताना रुमीकडे असं पाहिलं, की दुवा रद्द.

विर्योंनी डोळे पुसत पार्जोनोच्या खांद्यावर हात टाकला. “आणि तूही ये रविवारी, सहकुटुंब. खाल्लंस ना? मग आमंत्रण तुलाही लागलं!”

चार माणसांतलं आमंत्रण नाकारता येत नाही, हा डाव रुमीचाच होता. पाच लाख हाजींच्या दारातून फिरून पुन्हा तिच्याच दारी. तिने टोपलीशिवाय मोकळे झालेले हात पदराला पुसावेत तसे कमरेच्या कापडाला पुसले.

“येऊ की, पाक विर्यो,” ती म्हणाली. “पण स्पष्टच सांगते, पाकीट नाही आणणार. पतपेढीचा शेवटचा हप्ता आहे, तो मी कुणाच्या लग्नात घालणार नाही, राजाच्या असलं तरी. आम्ही हात आणू. दोन हजार पानं उठणार म्हणे, तुमच्या अंगणात चुली किती?”

“तीन... का?”

“तीन चुलींवर दोन हजार पानं? वऱ्हाड सोमवारी जेवेल. हे आज संध्याकाळी येतील, विटांच्या आणखी चार बांधून देतील. आणि मी उद्यापासून तुमच्या कढईपाशी. हाच आमचा आहेर. मान्य असेल तर येतो.”

“बायको आहे का मुकादम आहे रे तुझी?” विर्यो पार्जोनोला म्हणाले.

“मुकादमापासून वाचायलाच चाललंय हे सगळं,” पार्जोनो म्हणाला, आणि दुसरी चप्पल शोधू लागला.

चुली बांधल्या. रुमी दोन दिवस कढईपुढे उभी राहिली. यू जुमने गातोतची गोष्ट तिच्यासमोर सात वेळा सांगितली, दर वेळी कोंबडा थोडा मोठा होत गेला. हाजी रविवारी जाडजूड पाकीट घेऊन आले, पेटीत टाकताना त्यांनी ते जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. रुमीच्या पुढून जाताना म्हणाले, “कोंबडा चिवट होता.”

“माणसाळलेला होता, पाक हाजी.”

सोमवारी तिने पतपेढीत पाच लाख मोजून दिले. कारकुनाने शिक्का मारला, मोटरसायकलची कागदपत्रं सरकवली आणि “पुढचा!” म्हणाला. बस्स, एवढंच. ती बाहेर येऊन बाकावर थोडा वेळ बसून राहिली. इतक्या मोठ्या गोष्टीला ढोल नको, पण कुणीतरी निदान ‘बरं झालं’ म्हणायला हवं होतं असं तिला वाटलं.

महिनाअखेरच्या रविवारी मुकादम सुराजी आला. दाराच्या फटीतून ऐकू यावं अशा बेताने रुमी आत पेयेक तळायला बसली. तेल तापलेलं नव्हतं.

“फिटलं म्हणे,” सुराजी म्हणाला. “मग तर आणखी चांगलं. आता जे मिळेल ते सगळं तुझंच. दोन वर्षांत पक्कं घर. पोरीला कॉलेज. कर्ज असताना जाणारा गुलाम, फिटल्यावर जाणारा शहाणा. सही कर.”

हे रुमीच्या हिशेबात नव्हतं. कर्ज फिटेपर्यंतचे सगळे खिळे तिने ठोकले होते, पुढचा एकही नाही. तिने पिठाचा डाव तसाच हातात धरला. अंगणात आरवायला गातोतही नव्हता.

“नाही जमायचं,” पार्जोनोचा आवाज.

“का?”

“घरात साप निघतो.”

“साप? कधी पाहिलास?”

“मी नाही पाहिला. पण ही घाबरते.”

सुराजीने कागद गुंडाळले, काहीतरी पुटपुटला आणि शेजारच्या गल्लीकडे निघून गेला. रुमी बाहेर आली. पार्जोनो ओट्याच्या पायरीवर पाय पसरून बसला होता, तिच्याकडे न बघता.

“मी नाही घाबरत सापाला,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

तिने गुडघ्याने त्याला ढकललं.

“सरका की तिकडे. पायरी काय एकट्याची आहे?”